आजोबांच्या बागेतले पेरू

लाईट गेली आणि गल्लीतले सगळे यंत्रमाग एका दमात थांबले, तेव्हा कुंभोजे वहिनी जीव तोडून ओरडत होत्या, "आय यूज्ड टू राइड अ पोनी."

म्हणजे, मी लहानपणी तट्टावर बसून फिरायचे. वहिनींचं वय तेव्हा अडतीस, आणि लहानपण गेलेलं रेंदाळला, म्हशींच्या गोठ्यामागं. तट्टू त्यांनी बघितलं असेल तर लग्नाच्या वरातीत. खाली रस्त्यावर भाजीचा गाडा उभा होता. गाडेवाल्यानं वर खिडकीकडं मान करून काळजीनं विचारलं, "काय झालं ओ ताई?"

आम्ही अकरा बायका आणि तीन बापे फळ्याकडं बघत बसलो. आवटी सर मात्र डगमगले नाहीत. म्हणाले, "गुड. कॉन्फिडन्स गुड."

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची, इचलकरंजीतली. सरांचा क्लास एका माग-कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. खाली आठ माग दिवसभर धडधडत असायचे, वर फरशी थरथरत असायची, आणि त्या आवाजावर आवाज चढवून आम्ही इंग्रजी शिकत होतो. हळू बोललेलं शेजारणीलाही ऐकू जात नसे. सरांनी या अडचणीचंच शास्त्र करून टाकलं होतं. इंग्रजी ही पोटातून बोलायची भाषा आहे, ते म्हणायचे, ती हळू बोलली की चुकते. आम्ही विश्वास ठेवला. आम्हाला दुसरं इंग्रजी कुठं ठाऊक होतं?

आवटी सर स्वतःला प्रोफेसर म्हणवत. कुठल्या कॉलेजात, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं एक पिवळ्या कव्हरचं पुस्तक होतं, पंचेचाळीस दिवसांत फाडफाड बोलायला लावणारं. त्यात साठ पॅटर्न. पॅटर्न म्हणजे वाक्याचा साचा. साचा पाठ करायचा, मोकळ्या जागेत शब्द घालायचा, की झालं इंग्रजी. पॅटर्न नंबर बावीस होता 'यूज्ड टू'. सरांनी तो आम्हाला असा समजावला होता: "जायचो, यायचो, खायचो, प्यायचो. पूर्वी करायचो, आता करत नाही. जिथं मन मागं जातं, तिथं यूज्ड टू लावायचं."

एवढं बोलून थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुस्तकात त्या साच्याखाली वीस वाक्यं छापलेली होती आणि ती सरांनी कुठल्यातरी जुन्या विलायती पुस्तकातून उचललेली होती, हे मलासुद्धा कळत होतं. मी तट्टावर बसायचो. मी पियानो वाजवायचो. माझ्या आजोबांची बाग होती, मी त्या बागेतली सफरचंदं तोडायचो. यातल्या सफरचंदांचे सरांनी पेरू केले होते. देशीकरण झालं ते तेवढंच.

आणि ही वीस वाक्यं आम्हाला घोकणं भाग होतं, कारण गावाबाहेर नवी इंग्लिश मीडियम शाळा निघाली होती. सुताचे मोठे व्यापारी अशोकराव बोरगावे यांनी ती आईच्या नावानं काढली होती. आई बिचारी आयुष्यभर निरक्षर होती. पहिलीच्या वर्गात चाळीस जागा आणि अर्ज दीडशे. मुलांची परीक्षा नव्हती, आईबापांची होती. दोघांनी जोडीनं जायचं, इंग्रजीत उत्तरं द्यायची. आणि बातमी फुटली होती की तिथं एक प्रश्न हमखास विचारतात: तुमच्या लहानपणाविषयी सांगा.

माझी अनुजा तेव्हा साडेपाच वर्षांची होती. तिला त्या शाळेत घालायचं, हे तिच्या पप्पांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आमचे हे म्हणजे सुकुमार मगदूम. नाव सुकुमार आणि धंदा जॉबरचा. जॉबर म्हणजे माग बिघडला की त्याच्या पोटात हात घालून दुरुस्त करणारा माणूस. हातांना ग्रीस कायमचं, आणि वीस वर्षं मागांच्या धडधडाटात काढल्यामुळं कान निम्मे गेलेले. पण त्याची त्यांना फारशी अडचण होत नसे. कारखान्यात कुणालाच काही ऐकू येत नाही. चार माग पलीकडं उभा असलेला माणूस नुसते ओठ हलवतो आणि इकडच्याला कळतं की तिसऱ्या मागाचा आडवा धागा नेणारा धोटा अडकलाय, किंवा चहा आलाय, किंवा मालक आलाय. हे त्यातले उस्ताद होते. मला याचं नवल वाटायचंही बंद झालं होतं, आणि माझी चूक झाली ती तिथंच.

पण आधी दुसरी गोष्ट सांगायला हवी.

शाळेच्या फॉर्मवर एक रकाना होता, आईचं शिक्षण. फॉर्म ह्यांनी स्वतः भरला, जेवणाच्या पाटावर ठेवून, एकेक अक्षर मोठं काढत. माझ्या रकान्यात त्यांनी एस. एस. सी. लिहिलं आणि तीन टिंबं अशी दाबून दिली की खालच्या कागदावर उमटली. मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

मी दहावी नव्हते. मी सातवी होते. लग्न ठरवताना माझ्या मामांनी सांगून टाकलं होतं की मुलगी मॅट्रिक आहे, कारण मुलगा आय.टी.आय. होता आणि मामांना जोड शोभायला हवी होती. मला नंतर कळलं. कळलं तेव्हा मांडव पडला होता. आज सांगू, उद्या सांगू करत नऊ वर्षं गेली. आणि ह्यांना त्या मॅट्रिकचा भारी अभिमान. कारखान्यात कुणाला तार आली, एल.आय.सी.चा कागद आला, की म्हणायचे, "आमच्या मंडळींना दाखवतो, मॅट्रिक हाय ती." आणि कागद घेऊन यायचे. मी वाचून दाखवायचे. तेवढं मला येत होतं.

कसं येत होतं, त्याचीही गोष्ट साधीच. सातवीनंतर वडिलांनी मला घरी कांड्या भरायला बसवलं. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताचं छोटं रीळ. मी चरख्यापुढं आणि माझा भाऊ शाळेत. तो आला की दप्तर टाकून झोपायचा. मी त्याची पुस्तकं चरख्याला टेकवून ठेवायचे, हात कांडीवर, डोळे पानावर. आठवी, नववी, दहावी, सगळी पुस्तकं वाचली. परीक्षा तेवढी त्यानं दिली. नापास झाला, पण दिली.

तेव्हा मला दोन गोष्टींची भीती होती. एक, अनुजाची जागा जाईल. दुसरी, माझी जाईल.

ह्यांना क्लासला यायला कारखान्यातली पाळी आड यायची. मग मी जे शिकून येत होते ते घरी ह्यांना शिकवायचे. आम्ही जैन, जेवण सूर्य मावळायच्या आत. ताटं उचलली की हे भिंतीला टेकून बसायचे आणि मी समोर. शेजारच्या घरात चार माग, भिंत एकच. मी ओरडून घसा फोडला असता तरी त्यांना शब्द धड ऐकू आला नसता. ते माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. जीभ कुठं लागते, ओठ कधी मिटतात. मग तेच स्वतःच्या तोंडानं करून बघायचे. महिनाभर रोज हा कार्यक्रम. अनुजा मधे बसून कधी माझ्याकडं, कधी त्यांच्याकडं बघायची आणि सगळं आमच्या आधी पाठ करायची.

ह्यांच्यासाठी मी विसांतलं सगळ्यात सोपं वाक्य काढलं होतं: मी नदीत पोहायचो. हे खरंही होतं. पण ह्यांनी दोन दिवस विचार केला आणि मला विचारलं की पूर्वी करायचो, आता करत नाही, असाच ना याचा अर्थ. मी म्हटलं, हो.

"पण मी अजून जातो की पोहायला. दर रविवारी."

"मग काय झालं?"

"मग पोहायचो कसं म्हणू? खोटं हुईल."

मी म्हटलं, तुमच्या रविवारची चौकशी करायला शाळेवाले पंचगंगेवर येणार नाहीत. हे हसले नाहीत. माग चालू असला की मला धागा तुटल्याचं ऐकू येत न्हाई, म्हणाले, पण कापडात दिसतं. खोट्याचं तसंच असतं. मी उठले आणि घासलेलीच भांडी परत घासली.

मुलाखतीच्या दिवशी मी लग्नातली जांभळी साडी नेसले. ह्यांनी हात तीनदा रॉकेलनं धुतले, तरी नखांच्या कडा काळ्याच राहिल्या. शाळेत आमच्यासारखी वीसेक जोडपी बाकांवर बसलेली. बघते तर निम्मा क्लास तिथं. इमारत नवी, कोरी, गावापासून लांब. आणि शांत. इतकी शांत की पंख्याची पाती ऐकू यावीत.

कुंभोजे वहिनी आणि त्यांचे मालक आमच्या आधी आत गेले. दार बंद झालं. मग बंद दारातून, पोटातून काढलेला, वहिनींचा आवाज आला, "माय ग्रँडफादर हॅड अ गार्डन."

बाकावरच्या चार बायकांचे ओठ आपोआप हलले. पुढचं वाक्य सगळ्यांना ठाऊक होतं.

"आय यूज्ड टू प्लक ग्वावाज."

मग कुंभोजे भाऊंचा आवाज, पत्नीपेक्षा दीडपट. त्यांच्याही आजोबांची बाग होती. तिथंही पेरू होते. मला एकाएकी कळलं की सकाळपासून या दारातून हेच येत असणार. शहाण्या माणसानं एकदा तरी विचार करायला हवा होता, की एकाच पुस्तकातून एवढ्या जणांनी लहानपण घेतलं तर पुढं काय होईल. आमच्यात शहाणं कुणी नव्हतं. वहिनी बाहेर आल्या त्या घामानं डबडबलेल्या आणि खूश. मला म्हणाल्या, "जोरात बोल गं. आत लई शांतता हाय, पण तू भिऊ नकोस."

आत टेबलामागं दोघं होते. एक स्वतः बोरगावे साहेब, सफारीत. शेजारी मुख्याध्यापिका पिंटो मॅडम, बेळगावच्या, पिकल्या केसांच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांच्या चेहऱ्यावर ते भाव होते जे एकच भजन सकाळपासून ऐकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतात.

बोरगावे साहेबांनी आम्हाला बसवलं, नाव विचारलं, गाव विचारलं. प्रश्न विचारायच्या आधी ते दरवेळी मांडीकडं बघायचे. मी वाकून रुमाल उचलायच्या निमित्तानं पाहिलं. मांडीवर पिवळं कव्हर होतं.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. म्हणजे साहेबांनाही साठच पॅटर्न येत होते. प्रश्न त्याच पुस्तकातले आणि उत्तरंही. सगळं गाव एकाच विहिरीत उतरून एकमेकांना पोहायला शिकवत होतं.

"टेल मी अबाउट युवर चाइल्डहूड," साहेब म्हणाले.

मी तोंड उघडलं. आजोबा अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात पिंटो मॅडमनी हात वर केला. चष्मा खाली ओढला आणि मराठीत, बेळगावच्या हेलात, म्हणाल्या, "थांबा हं बाई. सकाळपासून नऊ आजोबा झाले माझे. नऊ जणांची बाग एकच, पेरू तेच. तुम्ही इंग्लिशमध्येच सांगा, चुकलं तर चुकू दे. पण तुमचं सांगा. पुस्तकातलं नको."

साहेबांनी त्यांच्याकडं नाराजीनं बघितलं.

आता माझं म्हणजे काय? माझ्याकडं दुसरं लहानपण नव्हतं. एकच होतं, आणि ते सांगितलं तर फॉर्मवरच्या तीन टिंबांचं काय करायचं? नाही सांगितलं तर अनुजाची जागा गेली. मी डावीकडं पाहिलं. हे पांढरा शर्ट घालून ताठ बसले होते, हात टेबलाखाली लपवून. तेवढ्यात मला सुचलं, आणि मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं. ह्यांना ऐकू कमी येतं. डोक्यावर पंखा आहे. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी हळू बोलायचं.

मी आवाज अगदी खाली आणला. पिंटो मॅडम पुढं झुकल्या.

"आय यूज्ड टू गो टू स्कूल," मी म्हटलं. "टिल सेव्हन्थ."

साचा माझ्या हातात होता आणि मला कळलं की मोकळ्या जागेत काय घालायचं ते मला चांगलंच माहीत आहे.

"देन आय यूज्ड टू फिल कांडी. माय ब्रदर यूज्ड टू गो टू स्कूल. आय यूज्ड टू रीड हिज बुक्स." थोडा श्वास घेतला. "ही यूज्ड टू स्लीप."

पिंटो मॅडमच्या ओठांचा एक कोपरा हलला. मग त्यांची नजर खाली फॉर्मवर गेली. मी बघत होते. बोट रकान्यारकान्यातून उतरत आलं आणि आईच्या शिक्षणावर थांबलं. एस. एस. सी. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडं. परत खाली. पेनाचं टोपण काढलं. त्या पेनाच्या टोकाखाली माझी नऊ वर्षं होती. मग त्यांनी टोपण परत लावलं.

बोरगावे साहेब टेबलाखाली भराभर पानं उलटत होते. बावीस नंबरच्या पानावर कांडी नव्हती, भाऊ नव्हता, झोप नव्हती. पुस्तकात नसलेलं इंग्रजी म्हणजे वरच्या दर्जाचं असणार, असा त्यांनी हिशेब केला असावा. पुस्तक मिटून त्यांनी मान डोलावली. "व्हेरी गुड," म्हणाले. "हाय इंग्लिश. ॲण्ड यू, मिस्टर मगदूम?"

हे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी बोलायची थांबून बराच वेळ झाला होता, तरी बघतच होते. मी टेबलाखालून कोपर टोचलं. नदी, मी मनात म्हटलं, नदी म्हणा.

ते साहेबांकडं वळले. "मला येत न्हाई साहेब," म्हणाले. "घरात इंग्लिश हिचं हाय."

साहेब हसले. पिंटो मॅडम हसल्या नाहीत. आम्ही उठलो तेव्हा त्या फॉर्मवर काहीतरी टिपून घेत मला म्हणाल्या, "दहावीचं मार्कलिस्ट जोडलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत आणून दिलंत तरी चालेल. घाई नाही."

आज मला त्या वाक्याची किंमत कळते. तेव्हा तो फास वाटला. वर्षभराच्या लांबीचा, पण फासच.

परत येताना ह्यांनी आमची एम-एटी मोटारसायकल रसाच्या गुऱ्हाळापाशी थांबवली. दोन ग्लास सांगितले. स्वतःचा तसाच ठेवला आणि पैसे देऊन गाडी चालू केली. घरापर्यंत शब्द नाही. मला वाटलं, नदीचं वाक्य आलं नाही म्हणून खट्टू झाले असतील.

मग चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलणं सगळं अनुजामार्फत. अनुजा, तुझ्या मम्मीला सांग, आमटीत मीठ कमी हाय. अनुजा, मम्मीला सांग, मी रातपाळीला जातोय. अनुजा निरोप इंग्रजीत पोचवायचा प्रयत्न करायची. संध्याकाळी ताटं उचलली की भिंतीपाशी ते बसायचे नाहीत. मी एकटीच बसायचे, शेजारचे माग ऐकत.

पाचव्या दिवशी यादी लागली. अनुजा मगदूम, तिसरं नाव. कुंभोजे वहिनींचा मुलगा प्रतीक्षा यादीत गेला. वहिनी मला म्हणाल्या, "अगं, मी तर तुझ्यापेक्षा किती जोरात बोलले." त्याच दुपारी आवटी सरांनी क्लासच्या जिन्यात फळा लावला: आमच्या यशाची परंपरा, कु. अनुजा मगदूम. मला बोलावून विचारलं की नेमका कोणता पॅटर्न कामी आला. मी म्हटलं, बावीस. त्यांनी लगेच पुस्तकात बावीसपुढं चांदणी काढली.

मी घरी आले ते आनंदानं की धास्तीनं, मलाच ठरवता येईना. जागा मिळाली होती. म्हणजे मार्कलिस्ट लागणार होतं.

संध्याकाळी हे आले. हातात पुस्तकांचा गठ्ठा, कारखान्यातल्या दोरीनं बांधलेला. गठ्ठा माझ्यापुढं ठेवला आणि भिंतीला टेकून बसले, रोजच्या जागी.

"हे काय?" मी विचारलं.

"दहावीची पुस्तकं. जुनी हायत. गणिताचं शेवटचं पान फाटलंय, पण उत्तरंच हायत तिथं."

"कुणाला?"

"सातवी शिकलेल्या एका बाईला."

मी खाली बसले. गठ्ठ्याच्या दोरीला हात लावत विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं?"

"मला कुठलं ऐकू येतंय," ते म्हणाले. "दिसलं."

त्यांनी काळ्या नखाचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं आणि माझ्या ओठांकडं केलं. "महिनाभर तोंडाकडं बघून शिकवलंस की तूच. यूज्ड टू कुठं येतं, मला दुसरं कायच कळत न्हाई, पण तेवढं कळतं. सेव्हन्थ तर रोजचंच, आमच्या मागांचे नंबर इंग्लिशमधीच हायत." मग म्हणाले, "मॅडम पुढं झुकल्या, तेव्हा कळलं तू हळू बोलतीस. हळू बोलायचं कारण न्हवतं. त्याचंच जास्त वाईट वाटलं."

मी मामांचं सांगितलं, मांडवाचं सांगितलं, आज-उद्याचं सांगितलं. ऐकलं त्यांनी, म्हणजे बघितलं. मी विचारलं, रागावलात का. चार दिवस रागावलोच की, म्हणाले. अजून असेन थोडा. पण कारखान्यात राग धरून माग दुरुस्त होत नाही, बोट जातं.

मग त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. बाहेरून दहावीला बसायची माहिती होती त्यावर, हायस्कूलच्या क्लार्ककडून लिहून आणलेली. सतरा नंबरचा फॉर्म, शाळा सोडल्याचा दाखला, दोन फोटो.

"नऊ वर्षं साऱ्या कारखान्याला सांगत आलोय, आमची मंडळी मॅट्रिक हाय म्हणून," ते म्हणाले. "आता मला खोटं पाडू नकोस."

पुढच्या मार्चमध्ये मी परीक्षेला बसले. माझ्या बाकावर शेजारी एक सोळा वर्षांची पोरगी, ती मला बघून उठून उभी राहिली. तिला वाटलं मी पर्यवेक्षक आहे. मराठीच्या पेपरात निबंध मनापासून लिहिला, चरखा, कांड्या, भाऊ, सगळं. अठ्ठेचाळीस मिळाले. इंग्रजीच्या पेपरातही लहानपणावर दहा ओळी लिहायला आल्या. खरं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. तपासणारा कोण असेल कुणास ठाऊक, प्रत्येक गावात काही पिंटो मॅडम नसतात. दोन ओळी खोडल्या आणि आजोबांची बाग लिहून काढली. पेरू तोडले, तट्टावर बसले, पियानोसुद्धा वाजवला, आणि घरी येऊन ह्यांना तसं सांगितलंही. इंग्रजीत एकसष्ट, सगळ्या विषयांत जास्त.

जूनमध्ये मार्कलिस्टची झेरॉक्स घेऊन शाळेत गेले. पिंटो मॅडमनी कागदावरचं साल बघितलं. मग वर्षापूर्वीचा आमचा फॉर्म काढला, त्यावरची एस. एस. सी. बघितली. झेरॉक्स फॉर्मला टाचली, इंग्रजीच्या मार्कांवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "आजोबा बरे आहेत ना?"

निकाल लागला त्या दिवशीचं मात्र सांगायचं राहिलं. मी हायस्कूलमधून थेट कारखान्यात गेले. सगळे माग चालू होते. हे पार पलीकडं, पाचव्या मागाच्या पोटात हात घालून उभे. मी दारातच थांबले. हाक मारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी वर बघितल्यावर मी आवाज न काढता, ओठ नीट उघडून-मिटून म्हटलं, पास झाले.

त्यांनी हात पुसले. मग तेही काहीतरी बोलले, आवाज न काढता. एकदोन शब्द नव्हते, चांगलं लांब वाक्य होतं. बाकीच्या मागवाल्यांना कळलं असावं, कारण चौघं एकदम हसले आणि एकानं फडकं हवेत उडवलं. मलाच कळलं नाही. दहा वर्षं मी फक्त बोलत आले होते, त्यांच्या ओठांकडं कधी बघितलंच नव्हतं.

आता माग भंगारात गेले. अनुजा परदेशात आहे, फोनवर हळू इंग्रजी बोलते. ह्यांचे कान पूर्ण गेलेत. घरात आम्ही दोघं समोरासमोर बसून, आवाज न काढता बोलतो, आणि मलाही आता ओठ वाचता येतात. खोटं बोलायची काही सोयच राहिली नाही. तरी त्या दिवशी कारखान्यात काय म्हणाला होतात, असं विचारलं की ते तोंडावर हात धरतात. हात काढला की म्हणतात, "काय न्हाई. पेरू किती लागले, ते विचारत होतो."